भुयारी गटाराला जोडणी घ्या म्हणून नोटीस आलीय, सेप्टिक टँक नीट चालू आहे तरी घ्यावीच लागते का?

अंगणवाला
नमस्कार मंडळी. आमचं गाव क वर्ग नगरपरिषदेचं, नाव मुद्दाम टाकत नाही कारण इथे गावातले बरेच जण वाचतात. नगरोत्थान या राज्य सरकारच्या योजनेच्या पैशातून गावभर भुयारी गटाराची लाईन टाकली, सगळे रस्ते उकरले, धूळ खाल्ली, चिखल तुडवला, ते झालं एकदाचं. आता घरपट्टीच्या बिलाबरोबर नोटीस आलीय की तीस दिवसांत परवानाधारक प्लंबरकडून आपल्या मिळकतीची जोडणी करून घ्यावी, नाहीतर नगरपरिषद स्वतः काम करेल आणि खर्च वसूल करेल.

आता माझा प्रॉब्लेम असा की घर वडिलांनी बांधलेलं, सेप्टिक टँक परसात आहे, अजूनपर्यंत काही त्रास नाही, मागे एकदा गाडी बोलवून उपसून घेतला होता. मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी उघड्या गटारात जातं ते सोडा, त्याबद्दल मला पण लाज वाटते. पण चांगला टँक बंद करून नवीन खर्च कशाला करायचा? दुसरं म्हणजे आमच्या गल्लीत दरवेळी रस्त्यावर रस्ता चढवत गेलेत, आता अंगण रस्त्यापेक्षा खाली गेलंय, पावसाळ्यात दारात फळी लावावी लागते. असं असताना आमचं पाणी वर कसं चढणार? शेजारचे अण्णा म्हणतात करून टाक, आणि गच्चीचा पावसाचा पाईप पण त्यातच सोडून दे म्हणजे अंगणात तळं साचायचं बंद होईल. प्लंबर म्हणतो एका दिवसात देतो जोडून, अर्ज-बिर्ज नंतर बघू. नोटीस खरंच बंधनकारक असते का, आणि काय काय बघून घ्यावं, कुणी केलं असेल तर सांगा.

कट्टेकरी
बिल नीट वाचा दादा. मलप्रवाह कर म्हणून एक ओळ असेल बघा. आमच्याकडे लाईनीचा पत्ता नव्हता तेव्हापासून तो कर येतोय 😀 भरताच आहात तर वापरा तरी.

साईटवरचा_माणूस
मी ड्रेनेजच्या कामावर बरीच वर्षं काढलीत, आधी ठेकेदाराकडे आणि आता कन्सल्टंटकडे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बंधनकारक आहे का, तर हो. नगरपरिषदांना 1965 चा कायदा लागू होतो, महापालिकांना 1949 चा आणि मुंबईला तिचा स्वतःचा 1888 चा, पण गाभा सगळीकडे तोच आहे, की सार्वजनिक गटार जवळून गेलं असेल आणि तुमच्या घराचा निचरा नीट नसेल तर नोटीस देऊन जोडायला लावता येतं आणि मालकाने नाही केलं तर पालिका करून घेते आणि खर्च मालकाकडून वसूल करते. मुंबईच्या मूळ कायद्यात तर शंभर फुटांच्या आत गटार असेल तर असं अंतरच घातलेलं आहे. 'माझा टँक चांगला चालतो' हे म्हणणं तिथे टिकत नाही, कारण तुमच्या मोरीचं पाणी उघड्यावर जातंय हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. आणि सेप्टिक टँक म्हणजे काही शुद्धीकरण प्रकल्प नव्हे हो, त्यात गाळ खाली बसतो आणि वरचं घाण पाणी बाहेर पडतं, ते शोषखड्ड्यात जायला पाहिजे. किती घरांना शोषखड्डा आहे? निम्म्या टँकांचा पाईप सरळ गटारात सोडलेला असतो. तुमचा कुठे जातो ते एकदा झाकण काढून बघा, कदाचित तुम्हालाच नवीन वाटेल.

पालिका इतकी मागे का लागते त्याचं एक कारण लोकांना कोणी समजावून सांगत नाही. गटाराची लाईन ठरावीक पाणी वाहील असं धरून टाकलेली असते. पाणी पुरेसं असेल तर त्याच्या वेगाने मैला पुढे ढकलला जातो आणि पाईप आपोआप धुतला जातो. शंभर घरांसाठी लाईन टाकली आणि वीसच घरं जोडली तर पाणी तळाशी नुसतं झिरपतं, मैला जागच्या जागी बसतो, वाळतो आणि मग ज्या वीस जणांनी शहाण्यासारखं जोडून घेतलं त्यांच्याच दारात चोकअप. वर सगळे म्हणणार की लाईनच बोगस टाकली.

आता तुमच्या प्लंबरबद्दल. अर्ज नंतर बघू म्हणणाऱ्याला हात जोडा. परवानगीशिवाय रस्ता फोडला आणि मॅनहोलला कुठेतरी भोक पाडून पाईप घुसवला तर दंड तुमच्या नावावर लागतो, त्याच्या नाही. आणि हे भोक बहुतेक वेळा छिन्नी-हातोड्याने पाडतात, पाईप आत हातभर शिरलेला, भोवती सिमेंटचा नुसता लेप. पहिल्या पावसात तिथून माती आत जाते आणि वर्षभरात मॅनहोलशेजारी रस्ता खचतो. रीतसर अर्जाला घरपट्टी भरल्याची पावती, मालकीचा उतारा, घराचा आणि पाईप कुठून कुठे जाणार त्याचा साधा नकाशा, प्लंबरच्या परवान्याची झेरॉक्स एवढं साधारण लागतं. जोडणी फी, अनामत आणि रस्ता खोदाईचे पैसे वेगळे. पण पैसे भरायच्या आधी एक प्रश्न विचाराच, तुमच्या योजनेत घरजोडणीचा चेंबर ठेकेदाराने बांधून द्यायचा होता का? बऱ्याच ठिकाणी कंपाउंडच्या बाहेरपर्यंतची घरजोडणी योजनेच्या टेंडरमध्येच असते, तसं असेल तर खोदाईचे पैसे तुम्ही कशाला भरायचे.

गच्चीचा पाईप अजिबात सोडू नका. अण्णांना सांगा की गटार आणि पावसाळी नाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातलं सांडपाणी दिवसभर थोडं थोडं येतं, पावसाचं पाणी एका तासात लोंढ्याने येतं. गल्लीतल्या दहा गच्च्या गटाराला जोडल्या की मुसळधार पावसात झाकणं उडतात. तुमच्यासारखं रस्त्याच्या खाली असलेलं घर असेल तर ते पाणी सगळ्यात आधी तुमच्याकडेच येणार. पावसाचं पाणी विहिरीत, बोअरशेजारच्या खड्ड्यात, नाहीतर पावसाळी नालीत, पण गटारात नको.

लेव्हलचं विचारलंत त्याला मापं लागतील. रस्त्यावरचं जवळचं मॅनहोल किती खोल आहे, संडासापासून तिथपर्यंत अंतर किती आणि अंगण रस्त्यापेक्षा नेमकं किती खाली, एवढं द्या, मग सांगतो. मॅनहोलचं झाकण स्वतः उघडू नका, जेईला, म्हणजे पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याला सांगा, त्यांच्याकडे लाईनीचा नकाशा असतो त्यावर तळाची पातळी लिहिलेली असते.

वऱ्हाडी_पाहुणा
साईटवाल्या भाऊंचं पटलं, पण एक गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. लाईन चालू आहे का? म्हणजे पुढे एसटीपी, सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, चालू आहे का? आमच्याकडे अर्ध्या गावाने जोडणी घेतली आणि मंग समजलं का पंपिंग स्टेशनला वीजच नाही लागली अजून. सारा मैला लाईनीतच भरून राह्यला, शेवटी नाल्यात सोडून देला. आता सांगा, आधी माझ्या टँकमधी होता तो बरा होता का नाल्यात गेला तो बरा? अंगणवाले भाऊ, लेखी विचारा पालिकेले, माहिती अधिकारात विचारा पाहिजे तर, का प्लांट चालू झाला काय आणि आपल्या गल्लीची लाईन टेस्ट होऊन सुरू केली काय. उत्तर येईपर्यंत मुदत वाढवून मागा. नोटीशीले नुसतं न भिता उत्तर देलं पाहिजे.

साईटवरचा_माणूस
वऱ्हाडी भाऊ, शंभर टक्के बरोबर. हा मुद्दा मीच आधी लिहायला पाहिजे होता, पण तुम्ही लिहिलात ते बरं झालं 😀 कित्येक ठिकाणी पाईप आधी पडतात, प्लांटची जागा कोर्टात अडकते. लेखी विचारणं हाच रस्ता. तोंडी 'झालंय झालंय' सगळे सांगतात.

मडगावकर
आमच्या गोव्यात याच्या उलट रडगाणं आहे. प्लांट आहे, लाईन आहे, आणि लोक जोडून घेत नाहीत. सिवरेजसाठी वेगळा कायदाच आहे, 2008 चा, लाईन जवळ असेल तर जोडणी सक्तीची, तरीपण लोक ढकलत राहतात, कारण अंगणातल्या फरशा कोण फोडणार. आणि मग साळ नदी बघा काय झालीय. आमच्या बिल्डिंगमध्ये सोसायटीच्या मीटिंगा मीटिंगा होऊन शेवटी जोडणी झाली, सगळ्यात मोठा वाद खर्चाचा नव्हताच, पार्किंगमधून पाईप कुणाच्या गाडीखालून जाणार याचा होता. जोडल्यानंतर टँकरवाल्याचा खर्च बंद झाला हे मात्र खरं, आधी पावसात दर थोड्या दिवसांनी टँक भरायचा, जमिनीत पाणी वर येतं ना इथे.

अंगणवाला
सगळ्यांचे आभार. आज जेई साहेबांना गाठलं, माणूस चांगला निघाला, स्वतः आले आणि टेप लावून मापं घेतली. मॅनहोल रस्त्यापासून तळापर्यंत पाच फूट. अंगण रस्त्यापेक्षा दोन फूट खाली. संडासाच्या मागच्या भिंतीपासून मॅनहोलपर्यंत साठ फूट. जोतं अंगणापासून दीड फूट उंच. प्लांट चालू आहे असं म्हणाले, लेखी पण मागितलंय. आणि हो, टँकचं झाकण उघडलं. शोषखड्डा नाहीच आहे. पाईप भिंतीखालून उघड्या गटारात. वडिलांना विचारलं तर म्हणाले तेव्हा सगळे तसंच करायचे.

साईटवरचा_माणूस
मापं मस्त दिलीत. आता बघा.

मॅनहोलचा तळ रस्त्यापासून पाच फूट, अंगण दोन फूट खाली, म्हणजे अंगणापासून तळ तीन फुटांवर. संडासाच्या मागे पहिला चेंबर येईल, तिथे पाईपचा तळ अंगणापासून दीड फूट खाली धरू, त्यापेक्षा वर ठेवला तर कुदळ लागते नाहीतर गाडी चढली की फुटतो. आता चार इंची पाईपला आमचा साधा हिशोब चाळीसला एक, म्हणजे चाळीस फुटांत एक फूट ढाळ. साठ फुटांत दीड फूट. दीड आणि दीड तीन, म्हणजे तुमचा पाईप बरोब्बर मॅनहोलच्या तळाला टेकणार, तसं चालत नाही, मेनलाईनचं पाणी तुमच्या पाईपात घुसेल. सहा इंची घेतला तर साठला एक पुरतो, साठ फुटांत एकच फूट. दीड अधिक एक अडीच, वर सहा इंच उरतात. म्हणजे काम होतंय, पण सहा इंचीच घ्या आणि मिस्त्रीला ढाळ दोरीने नाही, लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) काढायला लावा. जास्त ढाळ दिला तर चांगलंच असं काही नसतं बरं का, फार उतार दिला आणि वर पाणी कमी असलं की पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो. तुमच्याकडे तो प्रश्न नाही, तुम्हाला इंच इंच वाचवायचाय.

खरी काळजी वेगळी आहे. उद्या पुढे मेनलाईन चोक झाली तर पाणी मॅनहोलमध्ये चढत जातं आणि रस्त्यावरच्या झाकणापर्यंत आलं की रस्त्यावर सांडतं. पण तुमचं अंगण त्या झाकणापेक्षा दोन फूट खाली आहे आणि तुमचं जोतं सुद्धा अर्धा फूट खाली. म्हणजे रस्त्यावर सांडायच्या आधी ते तुमच्या गल्लीट्रॅपमधून (घराबाहेरचा, वास अडवायला पाणी उभं राहणारा खड्डा), मोरीच्या नहाणी ट्रॅपमधून घरात येणार. यासाठी कंपाउंडच्या आत शेवटचा चेंबर बांधाल त्यात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, पाणी बाहेर जाताना पट्टी उघडते आणि उलटं आलं की बंद होते. तो मातीत पुरू नका, चेंबरमध्येच पाहिजे, झाकण उचलून हात पोचला पाहिजे, कारण त्या पट्टीत केस, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड अडकतात आणि मग ती बंदच होत नाही. मे महिन्यात उघडून धुवायचा. एक लक्षात ठेवा, व्हॉल्व्ह बंद असेल तेव्हा तुमचं स्वतःचं पाणी पण बाहेर जाणार नाही, तेवढा वेळ मोरी कमी वापरायची.

बाकी प्रत्येक वळणावर आणि जिथे दोन पाईप मिळतात तिथे चेंबर, स्वयंपाकघर आणि मोरीचं पाणी गल्लीट्रॅपमधून, त्यात निदान दोन इंच पाणी कायम उभं राहिलं पाहिजे नाहीतर वास घरात. पहिल्या चेंबरपाशी वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाईप गच्चीच्या वर काढा. चेंबरचा तळ सपाट ठेवू देऊ नका, अर्ध्या पाईपसारखी नाळ करून दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा, मिस्त्री तिथेच कामचुकारपणा करतात. पिण्याच्या पाण्याचा पाईप गटाराच्या पाईपच्या वरून आणि शक्य तितका लांबून. खड्डा बुजवायच्या आधी वरच्या चेंबरमध्ये पाणी भरून पाईप गळत नाही ना ते स्वतः बघा, फोटो काढून ठेवा, आणि मगच जेईंना सही करायला बोलवा.

मेघना_निफाड
जुन्या टँकबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. तो मध्ये ठेवून त्याच्यापुढून जोडणी देतात काही प्लंबर, कारण त्यांचं काम वाचतं. तसं करू नका, गाळ साठतच राहतो आणि उपसायचा खर्च चालूच. संडासाची लाईन टँकला वगळून सरळ नवीन चेंबरला न्या. टँक सक्शन गाडीने पूर्ण उपसून घ्या, तळाला भोकं पाडा म्हणजे पाणी साठणार नाही, आणि मुरूम भरून बुजवा. रिकामा तसाच ठेवला तर वरचा स्लॅब कुजतो आणि एक दिवस गाय नाहीतर पोर आत जातं.

आणि कृपा करून, कितीही थोडा गाळ राहिला तरी माणूस आत उतरवू नका. 'पाचशे रुपयात उतरतो' म्हणणारे भेटतात. आतला वायू दिसत नाही, आणि आधी वास येतो मग नाकच मरतं म्हणून वास पण येत नाही. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. 2013 च्या कायद्याने असं धोकादायक काम करून घेणाऱ्यालाच पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि करून घेणारा म्हणजे घरमालक पण. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तळाला भोकं पण बाहेरून, लांब पहारीने पाडायची, उपसून झाकण बराच वेळ उघडं ठेवल्यावर.

खानावळ_पुणे
माझी छोटी मेस आहे, आम्हाला पण हेच सगळं लागू का? आमच्याकडे महिन्यातून एकदा लाईन तुंबतेच.

साईटवरचा_माणूस
तुमची लाईन तेलाने तुंबते दादा. भांडी घासायच्या सिंकनंतर ग्रीस ट्रॅप बसवा, वर जमलेली साय आठवड्याला काढा. मेसचं सांडपाणी म्हणून वेगळी अट असते, वॉर्ड ऑफिसला विचारा. गरम पाणी ओतून तेल पातळ करणं हा उपाय नाही, पुढे शेजाऱ्याच्या चेंबरमध्ये जाऊन गोठतं.

अंगणवाला
सहा इंची पाईप नक्की केला. नवीनच लफडं. साठ फुटांतले दहा-बारा फूट अण्णांच्या बोळातून जातात. गच्चीचा पाईप सोडायला नाही म्हटलं म्हणून का काय माहीत नाही, पण ते आता म्हणतात माझा बोळ खोदायचा नाही. आणि अर्ज देऊन झालाय पण टेबलावरचे भाऊसाहेब 'साहेब नाहीत, नंतर या' म्हणतायत. नोटीस यांची, मुदत यांची, आणि अडवणार पण हेच.

कट्टेकरी
अर्जाची पोच घेतलीत ना? शिक्का, तारीख, आवक नंबर? नसेल तर तो अर्ज दिलाच नाहीत असं समजा. ड्रेनेजची जोडणी ही 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येणाऱ्या सेवांमध्ये आहे, आपले सरकारवरून किंवा पालिकेच्या साईटवरून ऑनलाईन टाका, मुदत आपोआप मोजली जाते, नाही दिली तर अपील तिथूनच. भाऊसाहेबांशी भांडू नका, त्यांना फक्त टोकन नंबर दाखवा.

साईटवरचा_माणूस
अण्णांच्या बोळाचं दोन तऱ्हेने होतं. पहिली, त्यांची पण जोडणी करायचीच आहे ना, नोटीस त्यांनाही आली असणार. मग दोघांचा एकच पाईप बोळातून न्या, खर्च निम्मा निम्मा, बोळात एक सामाईक चेंबर, झाकण दोघांना उघडता येईल असं, आणि देखभाल कोणी करायची ते साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या. पाईप सहा इंची असल्याने दोन घरांना सहज पुरतो. अण्णांचा निम्मा खर्च वाचतोय हे त्यांना आधी सांगा, बोळाचं नंतर.

नाहीच ऐकले तर दुसऱ्याच्या जागेतून गटार नेण्याची तरतूद पालिकांच्या कायद्यांत असते, मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा की दुसरा रस्ता नाही, जेईंच्या मापांचा नकाशा जोडायचा, समोरच्याला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकून मग ते परवानगी देतात, खोदलेलं तुम्ही तुमच्या खर्चाने पूर्ववत करून द्यायचं आणि नुकसान झालं तर भरून. पण यात वेळ जातो, आणि शेजारी तो शेजारी. मी असतो तर रविवारी अण्णांना चहाला बोलावून, जेई साहेबांनी घेतलेली मापं समोर ठेवून, मेनलाईन तुंबली तर त्यांच्या अंगणात किती पाणी येईल ते त्यांनाच टेप लावून मोजायला लावलं असतं. त्यांचं अंगण तुमच्यापेक्षा खाली आहे का वर?

अंगणवाला
अर्धा फूट खाली 😀